म्हसोबाच्या राईत आधी कुदळ नेऊ नका

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या भावकीच्या उसाला लागून म्हसोबाचं ठाणं आहे. त्याच्याभोवती दीड-दोन एकर जुनी झाडी: वड, दोन उंबर, करंज, जांभळं आणि एक आतून पोकळ झालेला आंबा. जागा महापालिकेच्या हद्दीत, पण आत पाऊल टाकलं की रस्त्यावरचा आवाज मागं राहतो. आज्जी लग्न होऊन आली तेव्हाही वड एवढाच होता, असं ती सांगायची. गेली बारा वर्षं मी ही राई राखते. तुमच्या वस्तीत असा तुकडा उरला असेल, तर तुमच्यासाठी हे लिहितेय.

पहिल्या वर्षी काहीही लावू नका. आम्ही पहिल्याच पावसाळ्यात हौसेनं चाळीस खड्डे काढले. कुदळीखाली तुटत होत्या त्या जुन्या झाडांच्या मुळ्या, हे मला नंतर कळलं. पाणी आणि अन्न ओढणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही लांब जातात. चाळीसांतली तीन रोपं जगली, बाकीची दाट सावलीत गेली. आणि जांभळाखाली आपोआप उगवलेली कोवळी रोपं आम्ही गवत समजून उपटून टाकली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता उगवलेल्या रोपांशेजारी काठी रोवते, म्हणजे कुणी तुडवत नाही. उपटायची ती फक्त घाणेरी, मुळासकट आणि पावसात माती मऊ असताना.

पाचोळा झाडून काढू नका, पेटवू तर नकाच. आपल्याकडच्या ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाचट न जाळता सरीत राहू दिलं की ओल टिकते आणि माती भुसभुशीत होते. राईचंही तसंच. झाडायची ती माणसांच्या पायवाटेपुरती जागा.

वाळलेली फांदी आणि पोकळ खोड, हे राईतलं सगळ्यात मोलाचं. आमच्या आंब्याच्या ढोलीत राखी धनेशाची जोडी येते. धनेशाला ढोली स्वतः कोरता येत नाही, आयती लागते. उन्हाळ्यात मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला उंबराची फळं भरवतो. तांबट पक्षी मात्र वाळक्या फांदीत स्वतः घर कोरतो. म्हणून ‘वाळलंय, पाडा’ असं कुणी म्हटलं की मी आधी त्याला वर बघायला लावते. पायवाटेवर पडेल अशी फांदी तेवढी काढावी, तीही परवानगी घेऊन आणि ढोली बघून.

बुंध्याला सिमेंट टेकू देऊ नका. एका मंडळानं आमच्या वाटेवरच्या पिंपळाला खोडापर्यंत पेव्हिंग ब्लॉक बसवले. दोन वर्षांत शेंडा वाळला. शेवटी पहारीनं ब्लॉक काढले, तिसऱ्या पावसाळ्यात खालून पालवी फुटली. २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादानं झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या नगरसेवकाला हे जरूर सांगा.

आता कागदाचं काम. एक वही घ्या. प्रत्येक झाडाला नंबर, नाव, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर खोडाचा घेर, फोटो. ओळख पटत नसेल तर पान, फूल, फळ यांचे फोटो घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. घेरावरून वय नक्की सांगता येत नाही, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तारीख घालून लिहून घ्या. त्याचा उपयोग आहे: राज्याचा शहरी वृक्ष कायदा १९७५ चा, आणि २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ म्हटलंय. तोडायची नोटीस लागली तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या, वहीची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. तोंडी बोलून आलात तर हातात काही राहत नाही.

राईच्या कौतुकाचा दिवस आम्ही वटपौर्णिमेचाच धरलाय. बायका येणारच असतात. आमचे नियम थोडेच: फांदी तोडायची नाही, खिळा ठोकायचा नाही, दिवा आणि कापूर खोडापासून चार हात लांब, कारण सालीखालचा जिवंत थर आचेनं मरतो. सूत फक्त कापसाचं, नायलॉन नाही. स्पीकर नाही. पूजा झाली की पंधरा-वीस जणींचा एकेक गट फिरवते. पोरांना टेप देते, घेर मोजायला लावते, मागच्या वर्षीचा आकडा वहीतून मोठ्यानं वाचते. वाढलेला दिसला की पोरं ओरडतात. मग कागदाच्या पुड्यातलं भडंग, आणि पुडे परत पिशवीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री घेऊन चौघीजणी येतो आणि गुंडाळलेलं सूत काढतो. पाखरांच्या पायात अडकतं ते.