अनाथ कंटेनर: मारण्याआधी ओळख पटवा

हडूप क्लस्टर (मोठ्या डेटावर मिळून काम करणाऱ्या संगणकांचा, म्हणजे नोडचा, गट) सांभाळायला लागलात की कधी ना कधी हे कोडं पडतंच: यार्नच्या (हडूपमध्ये मेमरी आणि कामं वाटणारी यंत्रणा) हिशेबात नोडची मेमरी मोकळी, पण लिनक्सची 'टॉप' कमांड चालवून बघावं तर ती गच्च भरलेली. नवे कंटेनर (जॉबचा एकेक तुकडा चालवणारे) तिथे गेले की मेमरीअभावी मरतात. अशा वेळी त्या नोडवरचे कंटेनर सुरू करणारा नोडमॅनेजर अलीकडे कोसळला होता का, हे मी आधी बघतो.

तो कोसळला म्हणून त्याने सुरू केलेले कंटेनर थांबतीलच असं नाही. त्या शेवटी लिनक्सच्या साध्या प्रोसेस. पालक गेला की पीआयडी 1 च्या (लिनक्सची पहिली प्रोसेस) पदरात पडतात आणि काम करत राहतात. हेच अनाथ कंटेनर. तिकडे अख्ख्या क्लस्टरचा हिशेब ठेवणारा रिसोर्समॅनेजर नोडमॅनेजरच्या हार्टबीटची ('मी जिवंत आहे' या नेमाच्या निरोपाची) वाट बघतो (डीफॉल्ट 10 मिनिटं) आणि मग नोड गेला असं धरतो. जॉबची कामं वाटणारा ॲप्लिकेशन मास्टर तेच काम दुसऱ्या कंटेनरला देतो. आता एकाच कामावर दोघे. बॅच जॉबमध्ये बहुतेकदा निभावतं, कारण कमिट (निकाल पक्का जमा होणं) एकाचंच होतं. स्ट्रीमिंगमध्ये मात्र काफ्कात (संदेश साठवून पुढे देणारी यंत्रणा) दुहेरी नोंदी पडतात, आणि त्यामागे मेलेला नोडमॅनेजर असेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

नवखी मंडळी इथे पीपीआयडी (पालक प्रोसेसचा क्रमांक) 1 असलेल्या प्रोसेस शोधून 'किल -9' चालवतात. तसं करू नका. नोडमॅनेजरची रिकव्हरी चालू असेल (हडूप 2.6 पासून सोय आहे, पण डीफॉल्ट बंद), तर परत उठलेला नोडमॅनेजर जुने कंटेनर पुन्हा ताब्यात घेतो. त्या रीतसर कंटेनरांची साखळीही पीआयडी 1 लाच जाऊन लागते! सरसकट मारलंत तर चालू जॉब तुम्हीच पाडाल. ओळख पटते ती कंटेनर आयडीवरून. तो प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये असतो. नोडमॅनेजरच्या 8042 पोर्टवरच्या यादीत तो नसेल आणि रिसोर्समॅनेजरनेही त्याला संपलेला धरलं असेल, तरच हात घाला. आधी टर्म सिग्नल (थांबण्याची विनंती), मग गरज पडली तर किल, आणि तोही अख्ख्या प्रोसेस ग्रुपला. नाहीतर बॅश मरतो, जावा तशीच राहते.

रिकव्हरी चालू करताना नोडमॅनेजरला ठरावीक पोर्ट द्यावा लागतो. लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा किलमोडही (सर्व्हिस थांबली की कोणत्या प्रोसेस मारायच्या ते ठरवणारी सेटिंग) बघा. डीफॉल्टमध्ये सर्व्हिस पडली की तिच्या गटातल्या सगळ्या प्रोसेस मारल्या जातात. रिकव्हरी नसेल तर हेच सोयीचं. असेल तर किलमोड 'प्रोसेस' हवा, नाहीतर परत ताब्यात घ्यायला कंटेनर उरतच नाहीत.