सर्वांत जुनी क्वेरी आणि खरा अडथळा

डेटाबेस प्रशासनात मी नवा होतो, तेव्हा रेंगाळणाऱ्या क्वेरींवर (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांवर) लक्ष ठेवणे म्हणजे सर्वाधिक वेळ चालणारी क्वेरी शोधून थांबवणे, एवढीच माझी समजूत होती. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका सर्व्हरवर कामे तुंबू लागली तेव्हा मी सध्याची सेशन, म्हणजे डेटाबेसशी असलेल्या जोडण्या, दाखवणारा ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ हा व्ह्यू (तक्ता) उघडला, ‘क्वेरी_स्टार्ट’च्या, म्हणजे क्वेरी सुरू झालेल्या वेळेच्या, क्रमाने ओळी लावल्या आणि ४० मिनिटे चालू दिसणारा अपडेट (ओळी बदलणारी क्वेरी) रद्द केला. त्याच्यामागे रांगेत असलेला दुसरा अपडेट मात्र तसाच अडकून राहिला.

रद्द केलेला अपडेट मुळात काही काम करतच नव्हता; तो लॉकची, म्हणजे दुसऱ्याने अडवून धरलेल्या ओळी मोकळ्या होण्याची, वाट पाहत होता, आणि ‘वेट_इव्हेंट_टाइप’ या रकान्यात तसे स्पष्ट दिसत असूनही मी तिकडे पाहिले नव्हते. ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ हे फंक्शन (९.६ या आवृत्तीपासून उपलब्ध) वापरल्यावर अडवणारे सेशन सापडले. त्याची स्थिती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी होती, म्हणजे कोणीतरी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) सुरू करून, ओळी बदलून, कमिट न करताच, म्हणजे बदल पक्के न करताच, ते उघडे सोडले होते. अशा सेशनच्या ‘क्वेरी’ रकान्यात केव्हाच संपलेली शेवटची क्वेरी दिसते, आणि केवळ सक्रिय क्वेरी निवडून पाहणाऱ्याला तर ते सेशन दिसतच नाही. म्हणून ट्रान्झॅक्शन कधीपासून उघडे आहे हे सांगणारा ‘एक्सॅक्ट_स्टार्ट’ हा रकाना मी आता आधी वाचतो.

‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ चालू क्वेरी रद्द करते, पण आयडल सेशनमध्ये रद्द करण्याजोगे काही नसल्यामुळे तेथे ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ वापरून जोडणीच तोडावी लागते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये मोठा अपडेट मधेच थांबवताना अधिक विचार करावा, कारण त्याचा रोलबॅकही (झालेले बदल मागे घेणे) बराच वेळ घेऊ शकतो.

लॉगवर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ठरावीक वेळेपेक्षा लांबलेल्या क्वेरी टिपणाऱ्या ‘लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट’ची नोंद क्वेरी संपल्यावर होते, त्यामुळे या क्षणी अडकलेली क्वेरी तेथे सापडत नाही. सोडून दिलेल्या ट्रान्झॅक्शनसाठी, असे सेशन ठरावीक वेळेनंतर तोडणारा ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ उपयोगी पडतो, परंतु त्याचे मूळ मूल्य ० म्हणजे बंद असते. ठरावीक वेळेपेक्षा लांबलेली क्वेरी तोडणारा ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ मात्र संपूर्ण सर्व्हरला सरसकट लावू नये. रात्रीचे अहवाल आणि देखभालीची कामे त्यात मधेच तुटतात. मी तो ॲप्लिकेशनच्या रोलपुरताच (त्याच्या डेटाबेस-खात्यापुरताच) लावतो.