बेजियन नॉनपॅरामेट्रिक मॉडेल खऱ्यापर्यंत किती वेगानं पोचते, ते स्वतः कसं काढायचं

आमच्या वावराचा खालचा धुरा नाल्याला लागून आहे, तिथं भारी काळी माती, आणि वर चढत गेलं की बरड लागते. मागच्या हंगामात मी पऱ्हाटीच्या १२० झाडांना चिंध्या बांधल्या, प्रत्येक वेचणीला त्या झाडाचा कापूस वेगळा तोलला, आणि नाल्यापासूनच्या अंतरानुसार वजन कसं घटत जाते याचा कर्व्ह गॉशियन प्रोसेसनं काढला (ही बेजियन नॉनपॅरामेट्रिक पद्धत आहे: कर्व्हचा आकार आधी ठरवत नाही, सगळ्या शक्य कर्व्हांवर आधी वजन वाटते आणि डेटा पाहून ते वजन बदलते). कर्व्ह मस्त गुळगुळीत आला, भोवतीचा पट्टाही, म्हणजे खरा कर्व्ह कुठून कुठवर असू शकते तो भाग, बारीक, पण बाबांनी पाहिलं अन् बरड सुरू होते त्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं एवढं पिकतच नाही." आणि ते बरोबर होते. पट्टा बारीक आहे म्हणजे आपण खऱ्याजवळ पोचलो, असं मी धरून चाललो होतो. म्हणून हे लिहून राहिलो, स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी.

आधी वेग म्हणजे काय ते नक्की करा. खरा कर्व्ह एक आहे समजा. त्याच्याभोवती एक त्रिज्या घ्या, डेटा वाढेल तशी ती लहान करत जा, तरी जवळपास सगळा पोस्टेरिअर (डेटा पाहिल्यावर कर्व्हांवर बसलेलं वजन) तिच्या आतच राहिला पाहिजे. अशी त्रिज्या जास्तीत जास्त किती लवकर लहान करता येते, तोच वेग. अंतर कोणतं मोजताय तेही आधीच लिहून ठेवा, सगळ्या वावरातली सरासरी चूक वेगळी आणि एका जागेवरची चूक वेगळी, माझा घोळ एका जागेवरचाच होता.

मंग कागदावर कमाल वेग काढा. डेटाची संख्या एन, कर्व्हचा गुळगुळीतपणा (साधारण किती वेळा डिफरन्शिएट होते) बीटा, इनपुटांची संख्या डी, तर चूक एनच्या उणे बीटा भागिले (२ बीटा + डी) या घातानं कमी होते, आणि तेवढ्या गुळगुळीत सगळ्या कर्व्हचा विचार केला तर यापेक्षा लवकर कोणतीच पद्धत पोचत नाही, बेजियन असो की दुसरी. आकड्यात पहा: दोनचार पॅरामीटरचं बरोबर मॉडेल असेल तर चूक अर्धी करायला डेटा ४ पट लागतो. एक इनपुट, बीटा २ असेल तर साधारण ५.७ पट. उतार एकदम बदलतो, म्हणजे कर्व्हला कोपरा आहे, तर सेफ साइडनं बीटा १ धरा, मंग ८ पट, म्हणजे माझी १२० झाडं ९६० झाली. त्यात मातीची खोली हे दुसरं इनपुट टाकलं की १६ पट. चार इनपुट टाकले तर ६४ पट, ७६८० झाडं, एवढी कोण तोलते. म्हणून इनपुट वाढवायच्या आधी हा हिशेब कराच.

आता प्रायर, म्हणजे डेटा पाहायच्या आधी कोणत्या कर्व्हला किती वजन दिलं ते, खरी मेख इथंच आहे. जिथं पेरलंच नाही तिथं उगवणार काय, तसं खऱ्या कर्व्हच्या आसपास प्रायरनं काहीच वजन ठेवलं नसेल तर कितीही डेटा आणा, पोस्टेरिअर तिथं जाणार नाही. पण नुसतं शून्यापेक्षा जास्त असून भागत नाही, किती आहे त्यावर वेग ठरते. २००० साली सुभाशिष घोषाल, जयंत कुमार घोष आणि आड व्हॅन डर व्हार्ट यांनी हे नीट बांधून दिलं (घोष तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संचालक राहिलेले, अभिमान वाटते). खऱ्याभोवती एप्सिलॉन त्रिज्येत प्रायरचं वजन निदान ई चा उणे (स्थिरांक गुणिले एन गुणिले एप्सिलॉनचा वर्ग) एवढा घात, एवढं तरी पाहिजे, आणि प्रायरचं बहुतेक वजन ज्या कर्व्हांवर आहे तो पसारा फार मोठा नको, त्याच्या एन्ट्रॉपीलाही (तो झाकायला किती लहान गोळे लागतात त्याचा लॉग) तीच एन गुणिले एप्सिलॉनच्या वर्गाची मर्यादा. दोन्ही अटी ज्या एप्सिलॉनला बसतात तो तुमचा वेग.

गॉशियन प्रोसेसला हे सोपं होते. मॅटर्न कर्नल घेतला (कर्नल म्हणजे दोन जागांवरची मूल्यं किती मिळतीजुळती राहतील ते ठरवणारं सूत्र), त्याचा गुळगुळीतपणा अल्फा, तर घात येतो अल्फा-बीटामधला लहान भागिले (२ अल्फा + डी). बीटा २ आणि एकच इनपुट असेल तर अल्फा १/२ घेतल्यावर घात ०.२५, ३/२ ला ०.३७५, ५/२ ला ०.३३, आणि कमाल आहे ०.४. म्हणजे जास्त खडबडीत घेतला तरी नुकसान, जास्त गुळगुळीत घेतला तरी नुकसान. सगळ्यात वाईट म्हणजे स्क्वेअर्ड एक्स्पोनेन्शियल कर्नल, लेंग्थ-स्केल (किती अंतरापर्यंत मूल्यं एकमेकांशी जुळतात ते) ठोकून बसवलेली, आणि खरा कर्व्ह तेवढा गुळगुळीत नाही, तेव्हा वेग लॉग एनच्या हिशेबानं चालू शकतो, म्हणजे डेटा दहापट केला तरी फरक दिसत नाही. मी हेच केलं होतं. उपाय असा की लेंग्थ-स्केल फिक्स करू नका, तिच्यावरही प्रायर ठेवा, तिच्या उलट्याच्या डी-व्या घातावर गॅमा डिस्ट्रिब्यूशन. व्हॅन डर व्हार्ट आणि व्हॅन झांटेन यांनी २००९ मध्ये दाखवलं की मंग बीटा माहीत नसतानाही, एखादा लॉगचा गुणक सोडला तर, कमाल वेग मिळते.

डिरिक्ले प्रोसेस (कर्व्हऐवजी अख्ख्या डिस्ट्रिब्यूशनवर ठेवलेला प्रायर) वापरत असाल तर जास्तच जपा. डायकोनिस आणि फ्रीडमन यांनी १९८६ साली अशी उदाहरणं दिली की साध्या दिसणाऱ्या लोकेशनच्या, म्हणजे डेटाचा मध्य शोधायच्या, प्रश्नातही पोस्टेरिअर चुकीच्या जागी जाऊन बसते.

एवढं झाल्यावर लॅपटॉपवर तपासा. खरा कर्व्ह स्वतःच ठरवा, त्यात मुद्दाम कोपरा टाका, एन १००, २००, ४००, ८००, १६०० घ्या, प्रत्येकाला ५० वेळा नवा डेटा बनवा, आणि पोस्टेरिअरमधले नमुने खऱ्या कर्व्हपासून किती दूर पडतात ते मोजा, नुसत्या सरासरी कर्व्हचं अंतर घेऊ नका. लॉग-लॉग कागदावर बिंदू टाकले की रेषेचा उतार म्हणजे तुमचा घात. एन दुप्पट केला की गॉशियन प्रोसेसचा हिशेब जवळपास ८ पट वाढते, तर १६०० चा रन रात्री लाइन टिकते तेव्हा लावा. आणि त्या ५० मधून किती वेळा ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात कोपऱ्यावरचा खरा आकडा सापडला तेही मोजा, माझ्या जुन्या सेटिंगचा पट्टा तिथं पुन्हा पुन्हा हुकत होता, लेंग्थ-स्केल मोकळी सोडल्यावर पट्टा रुंद झाला आणि आकडा आत यायला लागला. यंदा बरड लागते त्या दहा तासांतच (ओळींतच) जास्त झाडांना चिंध्या बांधल्या आहेत, पहिली वेचणी दिवाळीनंतर.