डोमेन नोंदणी करारातील न्यायक्षेत्राचे कलम कसे वाचावे

इंदूरच्या राजवाड्याजवळ माहेश्वरी साड्या विकणारा व्यापारी दुकानासाठी डॉट कॉम नाव घेतो, तेव्हा तो एका लांबलचक इंग्रजी कराराला न वाचताच संमती देऊन बसतो. सगळा करार वाचणे जमले नाही, तरी पैसे भरण्यापूर्वी ‘ज्युरिस्डिक्शन’ (न्यायक्षेत्र), ‘गव्हर्निंग लॉ’ (लागू होणारा कायदा) आणि ‘आर्बिट्रेशन’ (लवाद) हे शब्द शोधून त्यांच्या आसपासचा मजकूर अवश्य वाचावा.

नूतनीकरण किंवा परतावा यांवरून रजिस्ट्रारशी, म्हणजे डोमेन नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीशी, वाद झाल्यास दावा कोणत्या ठिकाणी चालेल हे सांगणारे न्यायक्षेत्राचे कलमच आडवे येते. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला पक्षकार कराराने तो देऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली हकम सिंग प्रकरणात स्पष्ट केले. मात्र अधिकार असलेल्या न्यायालयांपैकी एक निवडता येते. दुसऱ्या शहराचे न्यायालय नेमणाऱ्या कलमात ‘केवळ’ हा शब्द नाही, म्हणून इंदूरला दावा चालेलच, असेही धरून चालू नये, कारण २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस निकालानुसार तो शब्द नसतानाही इतर न्यायालये वगळली गेल्याचे मानता येते.

त्याहून नाजूक प्रसंग म्हणजे एखादी कंपनी आपल्या व्यापारचिन्हाचा आधार घेऊन तुमच्या डोमेन नावावरच हक्क सांगते तो. डॉट कॉमसाठी आयकॅन या डोमेन नावांच्या जागतिक व्यवस्थेचे समन्वयन करणाऱ्या संस्थेचे १९९९ पासूनचे यूडीआरपी, म्हणजे डोमेन नावांचे वाद सोडवण्याचे धोरण, लागू होते. तक्रारदाराला तक्रारीतच रजिस्ट्रारच्या मुख्य कार्यालयाचे ठिकाण (नोंदणी करारात तुम्ही ते मान्य केले असेल तर) किंवा नोंदीतील तुमचा पत्ता, यांपैकी निदान एका ठिकाणचे न्यायालय मान्य करावे लागते. निर्णय तुमच्या विरुद्ध गेला, तर रजिस्ट्रार १० कामकाजाचे दिवस थांबतो. तेवढ्यात त्या मान्य ठिकाणी दावा दाखल केल्याचा पुरावा दिला, तरच हस्तांतरण रोखले जाते. म्हणूनच मला नोंदीतील पत्ता कलमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावाने पुण्याचा पत्ता नोंदवला असेल, तर इंदूरच्या दुकानदाराला इंदूरच्या न्यायालयाचा आधार उरत नाही, शिवाय कागदोपत्री डोमेन नावाचा धारकही दुसराच ठरतो. नोंद स्वतःच्या नावावर आणि इंदूरच्या पत्त्यावर तक्रार येण्याआधीच करून घ्यावी. गोपनीयता सेवा (नोंदीतील तुमचा तपशील झाकणारी सोय) घेतली असल्यास नोंदीत कोणाचा पत्ता दिसतो, हेही विचारावे.

डॉट इनची वाट निराळी आहे. तेथे डॉट इन नावे सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या आयएनडीआरपी या वाद सोडवण्याच्या धोरणानुसार, १९९६ च्या लवाद कायद्याखाली लवाद निर्णय देतो.

कराराचा मजकूर पुढे बदलू शकतो, तेव्हा संमती दिलेल्या दिवसाची प्रत तारखेसह जपून ठेवावी.