इंग्रजीतला ‘पोल’ नक्की कसा वाचायचा: मतदान, सर्व्हे, कर आणि बाकीचं बरंच काही

निवडणुका जवळ आल्या की इंग्रजी पेपरात आणि न्यूज चॅनेलच्या खालच्या पट्टीवर पोल हा शब्द सारखा दिसायला लागतो आणि अडचण अशी की प्रत्येक वेळी त्याचा अर्थ तोच नसतो. एका बातमीत पोल म्हणजे मतदान, दुसरीत सर्व्हे, तिसरीत अख्खी निवडणूक, इतिहासाच्या पुस्तकात कर, आणि लंडनमधल्या कुणी नाव बदललं तर त्या कागदाच्या नावातही पोल. एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं, पहिल्यांदा इलेक्शन ड्युटी लागलेले शिक्षक, कंपनीच्या एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची, नोटीस आलेले शेअरहोल्डर, या सगळ्यांना हा शब्द कधी ना कधी भेटतोच, म्हणून तो ओळखायची पद्धत जरा सविस्तर लिहितोय.

आधी मूळ अर्थ डोक्यात बसवा

मध्ययुगीन इंग्रजीत पोल म्हणजे डोकं, त्यातही डोक्याचा वरचा भाग, टाळू. बस, एवढं धरून ठेवा, बाकी जवळजवळ सगळे अर्थ तिथूनच निघालेत. आपण मराठीत दरडोई उत्पन्न म्हणतो तेव्हा जशी डोई येते तशीच ही इंग्रजांची डोई आहे. कोणाच्या बाजूने किती माणसं आहेत हे डोकी मोजून ठरवायचं, म्हणून मतमोजणीला पोल, मग मत द्यायच्या कामालाच पोल, मग लोकांना विचारून अंदाज घेणं तोही पोल. बेडकाच्या पिल्लाला इंग्रजीत टॅडपोल म्हणतात त्यातही हाच पोल आहे, नुसतं डोकंच दिसतं ना त्याचं. बिनशिंगाच्या गुरांना पोल्ड कॅटल म्हणतात, आणि शेंड्याला छाटून टाकलेल्या झाडाला पोलार्ड, कारण डोकं छाटलेलं.

त्यामुळे कुठेही पोल दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारा, इथे कोणाची डोकी मोजतायत आणि कशासाठी? याचं उत्तर आलं की अर्थ लागलाच म्हणून समजा.

उच्चाराचं पण सांगून टाकतो, हा पोल रोलसारखा म्हणायचा, पॉल नाही. खांबाचा पोल स्पेलिंगने वेगळा पण कानाला सारखाच लागतो. आणि आपल्या पेपरात एक्झिट पोलची पोल खुलली असा मथळा येतो त्यातला दुसरा पोल हा आपला देशी, पोकळपणावाला, त्याचा या इंग्रजी शब्दाशी काही संबंध नाही.

इलेक्शन वेगळं, पोल वेगळा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून इथेच जरा थांबू. आपण बोलताना इलेक्शन, पोल, वोटिंग, बॅलट सगळं एकाच अर्थाने वापरतो आणि बोलताना ते चालूनही जातं, पण कायद्याच्या इंग्रजीत नाही चालत. इलेक्शन म्हणजे नोटिफिकेशन निघाल्यापासून अर्ज भरणं, छाननी, माघार, प्रचार, मतदान, मोजणी, निकाल हा सगळा प्रवास. पोल म्हणजे त्यातला फक्त प्रत्यक्ष मतदानाचा भाग. वोट म्हणजे एकेका माणसाचं मत, आणि बॅलट म्हणजे ते मत ज्यावर नोंदवतात ती पत्रिका किंवा गुप्त मतदानाची पद्धत.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर सुरत बघा. २०२४ च्या लोकसभेला तिथे काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. म्हणजे सुरतमध्ये इलेक्शन झालं, खासदार मिळाला, पण पोल झालाच नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ५३ मध्ये हेच आहे, जागेपेक्षा उमेदवार जास्त असतील तरच पोल घ्यायचा, नाहीतर आहे त्याला निवडून आल्याचं जाहीर करायचं. आपल्याकडे गावोगावी ग्रामपंचायत बिनविरोध होते तेव्हा हेच होतं, फक्त आपण त्याला असं नाव देत नाही.

आता यातूनच बाकीचे शब्द लावा. पोलिंग स्टेशन म्हणजे मतदान केंद्र. पोलिंग एजंट म्हणजे केंद्रात बसलेला उमेदवाराचा माणूस. पोलिंग पार्टी म्हणजे राजकीय पक्ष बिलकुल नाही, ती ईव्हीएम घेऊन आदल्या दिवशी केंद्रावर जाणारी कर्मचाऱ्यांची टीम, मराठीत मतदान पथक, ड्युटीच्या ऑर्डरमध्ये हा शब्द बघून नवीन माणूस दचकतो. मॉक पोल म्हणजे खरं मतदान सुरू व्हायच्या आधी एजंटांसमोर मशीनवर किमान ५० मतं टाकून बघायची, निकाल ताळा करायचा आणि मग ती मतं मशीनमधून पुसून टाकायची. रीपोल म्हणजे फेरमतदान, पूर्ण इलेक्शन परत नाही, ठराविक केंद्रावरचं मतदान परत. आणि कार्यकर्ते घरोघरी वाटतात ती पोलचिट तर आपल्या बोलण्यात इतकी मुरलीय की ती इंग्रजी आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही.

क्लोज ऑफ पोल हा शब्द नीट समजून घ्या कारण तो थेट तुमच्या हक्काचा आहे. सहा वाजता पोल बंद म्हणजे सहाला मशीन बंद असं नसतं. त्या वेळेला जो कोणी केंद्राच्या रांगेत उभा आहे त्याला मत देता आलंच पाहिजे, त्यासाठी केंद्राध्यक्ष रांगेतल्यांना सही केलेल्या नंबरच्या चिठ्ठ्या देतात आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत आणतात, म्हणजे नंतर मागून कोणी घुसू नये. तेव्हा पाच पन्नासला रांगेत असाल तर घड्याळ बघून परत फिरू नका, तुमचा पोल अजून चालू आहे.

क्रियापद आलं की कोण करतंय ते बघा

पोल हे क्रियापद म्हणून आलं की त्याचा अर्थ कर्त्यावर ठरतो. उमेदवार पोल्ड ४०,००० वोट्स असं असेल तर त्याला तेवढी मतं मिळाली. एजन्सी पोल्ड २,००० पीपल असेल तर तिने तेवढ्या लोकांना विचारलं. आणि वोट्स पोल्ड म्हणजे एकूण पडलेली मतं, ती कोणा एकाला मिळालेली नाहीत.

हे कुठे कामाला येतं सांगतो, डिपॉझिटच्या बातमीत. अनामत रक्कम वाचवायला उमेदवाराला एकूण व्हॅलिड वोट्स पोल्डच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. इथे व्हॅलिड शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण नोटाची मतं पडतात खरी पण या हिशोबात ती धरत नाहीत. एकूण मतदानाच्या आकड्याला सहाने भागून कोणाचं डिपॉझिट गेलं हे ठरवत बसलात तर काठावरच्या उमेदवाराचा हिशोब चुकेल.

विचारण्याचे पोल

ओपिनियन पोल म्हणजे मतदानाआधी लोकांचा कल विचारणं. एक्झिट पोल म्हणजे मत देऊन बाहेर पडलेल्या माणसाला तिथेच विचारणं, नावातच एक्झिट आहे. पोस्ट पोल सर्व्हे म्हणजे मतदान झाल्यावर पुढच्या दिवसांत घरी वगैरे जाऊन निवांत विचारणं. चॅनेलवाले तिन्ही एकाच सुरात सांगतात पण हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि केंद्राबाहेर गर्दीत माणूस जे बोलतो आणि घरात बसून जे बोलतो त्यात फरक पडू शकतो हे आपल्याला सांगायला नको. पोल ऑफ पोल्स म्हणजे स्वतंत्र सर्व्हे नाही, इतरांच्या सर्व्हेंची सरासरी. स्ट्रॉ पोल म्हणजे वारा कुठला आहे बघायला घेतलेली अनौपचारिक चाचपणी. पुश पोल मात्र ओळखायला शिकाच, तो सर्व्हेच्या नावाखाली केलेला प्रचार असतो, प्रश्नातच आरोप भरलेला असतो आणि उत्तरात विचारणाऱ्याला काडीचा रस नसतो.

कायद्याचं म्हणाल तर त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने कलम १२६अ आलं, त्यानुसार आयोगाने ठरवून दिलेल्या काळात, म्हणजे पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याचं संपून अर्धा तास होईपर्यंत, एक्झिट पोल घेताही येत नाही आणि दाखवताही येत नाही, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून तर शेवटच्या टप्प्याच्या संध्याकाळी साडेसहा वाजले की सगळे चॅनेल एकदम सुरू होतात. मधल्या टप्प्यात व्हॉट्सअॅपवर कोणी एक्झिट पोल म्हणून काही पाठवलं तर ते खोटं असेल नाहीतर बेकायदेशीर, पुढे ढकलू नका.

आणि या पोलवर किती विश्वास ठेवायचा? मला वाटतं आकड्याआधी कोणाला विचारलं हे बघावं. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, वीस लाखांच्या वर उत्तरं आली आणि त्यांनी सांगितलं रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या यादीतून, मंदीच्या काळात हे लोक म्हणजे खाऊनपिऊन सुखी वर्ग, शिवाय ज्यांना राग होता त्यांनीच हौसेने उत्तरं पाठवली. त्याच वेळी सर्व्हे करणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याच्या कितीतरी लहान पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावर रूझवेल्ट येणार असं बरोबर सांगितलं. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला ३५० च्या वर नेत होते, मिळाल्या २९३. म्हणून कुठलाही पोल वाचताना किती जणांना विचारलं याच्या आधी कसे निवडले ते शोधा, आणि जिथे ते लिहिलेलंच नाही तो पोल सरळ सोडून द्या.

पोल टॅक्स म्हणजे मतदानाचा कर नाही

हे परीक्षेच्या मुलांसाठी खास. पोल टॅक्स म्हणजे डोक्यामागे सरसकट कर, गरीब असो श्रीमंत असो. आपल्या इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत जिझियाला पोल टॅक्स लिहिलेलं असतं, औरंगजेबाने १६७९ मध्ये तो परत लावला, तिथे मतदानाचा प्रश्नच नाही. इंग्लंडमध्ये १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव याच करावरून पेटला. थॅचरबाईंनी १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये कम्युनिटी चार्ज आणला, लोकांनी त्याला पोल टॅक्सच म्हटलं, लंडनमध्ये ट्राफल्गार चौकात दंगल झाली आणि त्याच वर्षी बाईंचं पंतप्रधानपद गेलं.

मग मतदानाशी संबंध कुठे जुळला, तर अमेरिकेत. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी हा कर भरल्याशिवाय मत देता येणार नाही अशी अट घातली आणि काळ्या लोकांना, सोबत गरीब गोऱ्यांनाही, मतपेटीपासून लांब ठेवलं. ही फार वाईट गोष्ट होती आणि तिला आळा बसायला १९६४ ची २४ वी घटनादुरुस्ती लागली, ती पण फक्त केंद्रीय निवडणुकांपुरती, राज्यांच्या निवडणुकांतली अट सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये काढली. तेव्हा अमेरिकेचा धडा असेल तर पोल टॅक्स वाचताना मताधिकार डोळ्यासमोर आणा, बाकीकडे फक्त डोईमागचा कर.

एजीएममधला पोल

शेअर असणाऱ्यांनी हे नक्की वाचा. कंपनीच्या सभेत हात वर करून मत घेतलं तर १० शेअरवाला आणि १० लाख शेअरवाला दोघांचा एकेकच हात. पोल घेतला की मात्र मतं शेअरच्या प्रमाणात मोजतात. इथे डोकी मोजायची सोडून शेअर मोजतात, म्हणजे शब्द तोच पण मूळ अर्थाच्या बरोबर उलटा वापर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०९ प्रमाणे सभेचे अध्यक्ष स्वतः पोल लावू शकतात, किंवा एक दशांश मताधिकार असलेले किंवा किमान ५ लाख रुपये भरणा झालेले शेअर असलेले सभासद तो मागू शकतात. तुमच्या वतीने प्रॉक्सी गेला असेल तर त्याला हात वर करून मत देता येत नाही, पोलमध्येच देता येतं. लिस्टेड कंपन्यांत आता ई-व्होटिंग असतं, तिथेही मोजणी शेअरच्या प्रमाणातच होते.

डीड पोलचं थोडक्यात, ब्रिटनमधले आपले लोक लग्नानंतर किंवा नाव सोपं करायला जो कागद करतात तो. इथे पोल म्हणजे कडा सरळ कापलेला कागद, कारण तो एकाच माणसाचा असतो, दोन पक्षांच्या कराराची कडा पूर्वी नागमोडी कापायचे. सॉफ्टवेअरवाल्यांचं पोलिंग म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला सारखं काही नवीन आहे का विचारत राहणं, त्यात तर माणसाचं डोकं पण उरलं नाही.

मथळे वाचायचा सराव

पोल्स अनेकवचनी आलं की शेजारचं क्रियापद बघा. पोल्स ओपन होतात, क्लोज होतात, लोक पोल्सना जातात, तर ते मतदान. पोल्स शो, सजेस्ट, प्रेडिक्ट करतात तर ते सर्व्हे. पोल दुसऱ्या नामाला पुढे चिकटून आला तर आपल्या पेपरांच्या सवयीप्रमाणे तो बहुतेक वेळा निवडणूक या अर्थी असतो, पोल पॅनल म्हणजे निवडणूक आयोग, पोल कोड म्हणजे आचारसंहिता, बायपोल म्हणजे पोटनिवडणूक, सिव्हिक पोल्स म्हणजे महापालिकांच्या निवडणुका, पोलबाउंड स्टेट म्हणजे जिथे निवडणूक तोंडावर आलीय ते राज्य. पोल पॅनल हे परदेशातल्या माणसाला सांगितलं तर तो सर्व्हेसाठी निवडलेले लोक असं समजू शकतो, तेव्हा बाहेरच्या कोणासाठी इंग्रजीत लिहीत असाल तर सरळ इलेक्शन कमिशन लिहा.

आता हे एक वाक्य करून बघा: पोल पॅनल ऑर्डर्स रीपोल ॲट टू पोलिंग स्टेशन्स, एक्झिट पोल्स डिलेड. पहिला पोल निवडणूक, दुसरा मतदान, तिसरा मतदानाची जागा, चौथा सर्व्हे. मराठीत सांगायचं तर निवडणूक आयोगाने दोन केंद्रांवर फेरमतदान लावलं, त्यामुळे मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज लांबले.