हृदयाची सीटी अँजिओग्राफी: तयारी कशी करावी, अहवाल कसा वाचावा

जिना चढताना छातीत जड वाटते, ईसीजी मात्र ठीक आहे आणि स्ट्रेस टेस्टवरून नक्की काही सांगता येत नाही, अशा वेळी डॉक्टर सीटी अँजिओग्राफी सुचवतात. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून करतात त्या अँजिओग्राफीपेक्षा ही वेगळी. येथे हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, म्हणजे लोक ज्याला ‘डाय’ म्हणतात ते द्रव्य, सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रे बाहेरूनच घेतली जातात. छातीत आत्ता कळ येत असेल, घाम फुटला असेल किंवा दुखणे हातात वा जबड्यात उतरत असेल, तर मात्र स्कॅनची वेळ घेत बसू नये. थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

या तपासणीचे खरे बळ रोग ‘नाही’ हे खात्रीने सांगण्यात आहे. वाहिन्या स्वच्छ दिसल्या, तर लक्षणीय ब्लॉकेज असण्याची शक्यता फारच थोडी उरते. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2016 साली स्थिर स्वरूपाच्या छातीदुखीसाठी हीच पहिली तपासणी ठरवली. स्कॉटलंडमधील 4,146 रुग्णांच्या ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांना सीटीची जोड मिळालेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण 2.3 टक्के राहिले, तर दुसऱ्या गटात ते 3.9 टक्के होते. अर्थात स्कॅनने कोणी बरे होत नाही. रोग डोळ्यांना दिसल्यामुळे योग्य माणसाला योग्य औषधे सुरू झाली, असे त्या फरकाचे कारण मानले जाते.

वेळ ठरवताना आपली सर्व औषधे आणि जुने आजार सांगावेत. कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करते की नाही हे दाखवणारा घटक, आधी तपासतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर ती थांबवायची की नाही हे मूत्रपिंडाच्या कार्यावर ठरते. आपल्या मनाने बंद करू नये. दमा असल्यास आवर्जून सांगावे, कारण स्कॅनआधी देतात ती ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकर गोळी दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरू शकते. लैंगिक दुर्बलतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही औषधे घेत असल्यास संकोच बाजूला ठेवून तेही सांगावे: स्कॅनच्या वेळी वाहिन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात आणि त्याच्याशी या औषधांचा संयोग झाल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. थायरॉइडचा विकार, गर्भारपण आणि पूर्वी कॉन्ट्रास्टची आलेली ॲलर्जी यांचीही नोंद द्यावी. कोळंबी सोसत नाही म्हणून डाय चालणार नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे; ती ॲलर्जी कोळंबीतील प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे.

तपासणीचा दर्जा सर्वाधिक कशावर अवलंबून असेल तर तो नाडीवर. हृदय सतत हलत असते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते जेवढा क्षणभर विसावते, तेवढ्यातच स्पष्ट चित्र मिळते. ठोके मिनिटाला 60च्या आसपास असले की हा विसावा पुरेसा लांबतो. 80 झाले की तो आखूड होतो आणि वाहिनीची कडा फोटोत हात हलल्यासारखी पुसट दिसते. म्हणूनच बारा तास आधीपासून चहा-कॉफी बंद ठेवतात. सकाळचा चहा चुकवणे जिवावर येते, हे मान्य. पण ग्रीन टी, कोला आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही कॅफीन असते, हे विसरू नये. सुमारे चार तास आधी जेवण टाळावे, पाणी मात्र प्यावे. केंद्रावर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचून शांत बसावे, कारण धावतपळत आलेल्या माणसाची नाडी गोळीलाही लवकर दाद देत नाही.

छातीवर त्या दिवशी तेल किंवा क्रीम लावू नये, ईसीजीचे पॅच सुटतात. टेबलावर हात डोक्यामागे घेऊन झोपवतात; सुई बहुधा उजव्या कोपरात असते. श्वास रोखण्याचा सराव आधी करून घेतात, तो मनापासून करावा: छाती फुटेल इतका नव्हे, तर सहज भरेल एवढाच श्वास घ्यावा, पोट आवळू नये आणि सुमारे दहा सेकंद अगदी स्तब्ध राहावे. डाय शिरताना घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरते आणि लघवी झाल्याचा भास होतो. तो भासच असतो. दचकून हलू नये. सुईच्या जागी सूज किंवा जळजळ जाणवली, तर मात्र लगेच बोलावे.

अहवालात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली कॅल्शियम स्कोअर, म्हणजे वाहिन्यांच्या भिंतींत साचलेल्या कॅल्शियमची मोजणी, जो डाय न देता काढतात. तो शून्य असणे चांगले, 100च्या पुढे स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू करण्याचा विचार होतो आणि 300च्या पुढे धोका बराच वाढलेला समजतात. परंतु शून्य म्हणजे अभय नव्हे, कारण कॅल्शियम न साचलेला चरबीचा मऊ थर या मोजणीत येत नाही. तरुण आणि धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट ‘कॅड-रॅड्स’ची, म्हणजे वाहिनी किती अरुंद झाली हे सांगणारी श्रेणी. 0 म्हणजे थर नाही, 1 आणि 2 म्हणजे 50 टक्क्यांहून कमी अरुंदपणा, 3 म्हणजे 50 ते 69 टक्के, 4 म्हणजे गंभीर आणि 5 म्हणजे वाहिनी पूर्ण बंद. डाव्या मुख्य वाहिनीत 50 टक्के अरुंदपणा असला तरी श्रेणी 4बी होते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टक्क्यांवरून लगेच स्टेंटचा निर्णय करू नये: हा आकडा वाहिनीची रुंदी सांगतो, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते की नाही हे सांगत नाही. शिवाय साचलेले कॅल्शियम चित्रात प्रत्यक्षापेक्षा फुगून दिसते आणि 50 टक्क्यांचे 70 वाटू शकतात. 3 मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या आतले चित्रही भरवशाचे नसते. म्हणून अहवालाच्या कागदासोबत मूळ चित्रांची सीडी मागून घ्यावी आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना दोन्ही बरोबर न्यावे.