तिरप्या सांध्यांसाठी मॉर्टाइझर घेताय? आधी पेन्सिल घ्या

मॉर्टाइझर म्हणजे लाकडात चौकोनी खाच पाडणारं मशीन. पोकळ चौकोनी पटाशी आणि तिच्या आत फिरणारं गिरमिट, एवढंच ते. गिरमिट गोल भोक पाडतं, पटाशी चार कोपरे तासते. सरळ खाचेला कुठलंही बरं मशीन चालतं, खरी गंमत तिरप्या खाचेत आहे.

म्हणून मशीन बघायच्या आधी लाकडाच्या तुकड्यावर खाचेचा लांबट चौकोन काढा, त्यावर पेन्सिल टेकवा आणि जोडायची पट्टी ज्या कोनात येणार तशी कलवा. ती खाचेच्या लांबीत कलली की रुंदीत, हे बघा. मी हे केलं नव्हतं, "डोकं (मोटर आणि पटाशीचा वरचा भाग) तिरकं होतं" एवढं वाचून घेऊन टाकलं आणि मग कळलं की डोकं डावी-उजवीकडे कलतं, आणि खाचेची लांबीही मशीनवर डावी-उजवीकडेच असते, म्हणजे कल लांबीत. खुर्चीची बैठक पुढे रुंद मागे अरुंद असते, त्यामुळे बाजूच्या पट्टीला कल हवा खाचेच्या रुंदीत, म्हणजे मशीनवर पुढे-मागे. कलतं डोकं तिथे काही कामाचं नाही. फाकलेल्या पायांच्या स्टुलाला मात्र तेच डोकं झकास.

दुसरं, कोन खाचेत हवा की कुसवात (पट्टीचं खाचेत बसणारं टोक) ते ठरवा. चार-पाच अंश असेल तर खाच सरळ ठेवून कुसूच तिरकं कापलं तरी चालतं, मग साधं मशीन पुरे. कोन जास्त झाला की तिरक्या कुसवातले रेषे तुटतात आणि ते कमजोर होतं, तेव्हा खाच तिरकी आणि कुसू सरळ.

पुढे-मागे कलणारं डोकं सहसा मिळत नाही, पण त्यावर उपाय सोपा, टेबलावर पाचर ठेवायची. 5 अंशांसाठी दर 100 मिमीला साधारण 8.7 मिमी चढ. डाव्या-उजव्या पायासाठी दोन पाचरी लागत नाहीत, पाय फक्त शेंडा-बुडखा उलटा करून ठेवायचा (खडूने खूण करा, नाहीतर दोन्ही पाय एकाच बाजूचे होतात आणि मग शिव्या कुणाला द्यायच्या?).

पण पाचर उंची खाते. म्हणून मशीन बघताना पटाशी पूर्ण वर नेऊन टेबलापर्यंतचं अंतर टेपने मोजा, त्यात पाचर आणि पाय दोन्ही बसून वर थोडी जागा उरायला हवी. मागे फेन्सपर्यंत (लाकूड टेकवायची उभी पट्टी) किती जागा मिळते तेही बघा.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पकड. पटाशी वर येताना लाकूडही सोबत उचलते, आणि लाकूड उतारावर असलं की नुसता वरून दाबणारा काटा सरकतो. लाकूड आवळून धरणारा शिकंजा असलेलं, चाकं फिरवून दोन्ही दिशांना सरकणारं टेबल मिळत असेल तर मोटरपेक्षा पैसे तिथे घाला. मोटर बेंचवरच्या मशीनला अर्धा एचपी असते, 12 मिमीच्या पटाशीपर्यंत भागतं, खाली ओढायचा दांडा मात्र लांब हवा, कडक लाकडात जोर हाताचाच लागतो. डोकं कलणारं घेत असाल तर ते कलवून परत शून्यावर आणा आणि गुण्या लावून बघा, बरोब्बर काटकोनात येत नसेल तर सोडून द्या. पटाशीचा मशीनमध्ये बसणारा वरचा भाग किती मापाचा आहे ते आणि सोबतचे बुश (तो भाग घट्ट बसवायच्या नळ्या) पण तपासा, नाहीतर नंतर दुसरी पटाशी बसणार नाही.

घरी आणल्यावर गिरमिटाचं टोक पटाशीच्या खाली 1 ते 1.5 मिमी ठेवा, एकमेकांना घासलं की दोन्ही तापून निळी पडतात. पटाशीची भुसा पडायची फट आधी पाडलेल्या भोकाच्या बाजूला करा. तिरप्या पृष्ठावर पटाशीची एक कड आधी टेकते आणि ती उताराकडे घसरू बघते, म्हणून पहिले दोन-तीन मिमी अगदी हळू, मग थोडं-थोडं वर घेत खाली जायचं. कोन जास्त असेल तर पाचर कापताना उरलेला तुकडा लाकडावर क्लॅम्प करून त्यातूनच सुरुवात करा. हे सगळं आधी टाकाऊ तुकड्यावर, त्यात कुसू घालून कोनमाप्याने तपासा, मगच खऱ्या पायाला हात लावा.